राजकन्येचा लग्नाचा पोशाख शिवणारी जीन पॉवर: कवच कोण बांधतं, हे काचेच्या पेटीत शोधणारी बाई

घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्या हौशी माणसाला पहिल्या काही महिन्यांतच एक कोडं पडतं. रविवारी टेस्ट किटने पाणी तपासलं, अल्कलिनिटी साडेआठ. बुधवारी तपासलं, साडेसात. टाकी गळत नाही, पाणी कुणी काढलेलं नाही, मासे मजेत आहेत. मग पाण्यातून गेलं काय?

गेलेला माल टाकीतच असतो, दगडाला चिकटलेला. प्रवाळाने, म्हणजे कोरलने, तो पाण्यातून उचलून आपला सांगाडा बांधायला वापरलेला असतो.

आज ही गोष्ट यूट्यूबच्या पाच मिनिटांच्या व्हिडिओत कळते. पण दोनशे वर्षांपूर्वी युरोपातले नावाजलेले प्राणिशास्त्रज्ञ एका समुद्री प्राण्यावरून भांडत होते. हा प्राणी आपलं कवच स्वतः बनवतो, की दुसऱ्याचं बळकावून त्यात राहतो? दोन्ही बाजूंना विद्वान होते. बहुतेकांनी तो प्राणी फक्त स्पिरिटच्या बरणीत मेलेला पाहिला होता.

हा वाद मिटवला एका शिवणकाम करणाऱ्या बाईने. त्यासाठी तिला जिवंत प्राणी डोळ्यांसमोर ठेवायचा होता, म्हणून तिने काचेची पेटी बनवून घेतली. घराघरांत दिसणाऱ्या ॲक्वेरियमची सुरुवात जिथून मोजतात, त्यातली ही एक महत्त्वाची पेटी. त्या बाईचं नाव जीन विलप्रू-पॉवर.

चारशे किलोमीटरची पायपीट

जीनचा जन्म सप्टेंबर १७९४ मध्ये फ्रान्समधल्या जुइयाक या खेड्यात झाला. फ्रेंच राज्यक्रांतीचा तो धामधुमीचा काळ. पण जुइयाक पॅरिसपासून लांब होतं, आणि तिच्या घरात रोजच्या भाकरीचीच काळजी मोठी होती. ती घरातली थोरली मुलगी. लिहिता-वाचता यायचं, सुई-दोरा हातात बसलेला होता. शिक्षण म्हणावं तर एवढंच.

अठराव्या वर्षी तिने पॅरिस गाठायचं ठरवलं. शिवणकामात नाव कमवायचं तर पॅरिसला पर्याय नव्हता. अंतर चारशे किलोमीटरहून जास्त, आणि जायचं पायी. पुण्याहून गोव्याला चालत निघण्यासारखाच हा प्रकार. एकटी मुलगी नको म्हणून सोबतीला एक नातेवाईक दिला होता.

सोबतीला दिलेल्या त्याच माणसाने वाटेत तिच्यावर हल्ला केला आणि तिचे ओळखीचे कागद घेऊन पसार झाला. त्या काळात फ्रान्समध्ये कागदांशिवाय प्रवास करता येत नव्हता. जीनने ऑर्लेआँ शहरात पोलिसांकडे आसरा घेतला. नवे कागद मिळेपर्यंत ती तिथेच अडकून पडली. पॅरिसला पोचली तेव्हा ठरलेली नोकरी दुसऱ्याच मुलीला मिळाली होती.

इथून अनेक जणी घरी परतल्या असत्या. जीन परतली नाही. तिने दुसरीकडे मदतनीस म्हणून काम धरलं आणि चारच वर्षांत तिचा हात असा चालू लागला की थेट राजघराण्याचं काम तिच्याकडे आलं. १८१६ मध्ये नेपल्स आणि सिसिलीची राजकन्या कॅरोलिन हिचं लग्न फ्रान्सच्या राजघराण्यातल्या ड्यूक द बेरीशी झालं. त्या लग्नाचा पोशाख जीनने तयार केला. तेव्हा ती एकवीस वर्षांची होती.

या कामाने तिचं नाव झालं. पुढे तिची ओळख जेम्स पॉवर या ब्रिटिश व्यापाऱ्याशी झाली. १८१८ मध्ये दोघांनी सिसिली बेटावरच्या मेसिना शहरात लग्न केलं आणि तिथेच संसार थाटला. पुढची वीसहून जास्त वर्षं तिचा मुक्काम तिथेच होता.

दारात समुद्र, हातात वेळ

मेसिना हे बंदर. समोर सिसिली आणि इटली यांच्यामधली चिंचोळी सामुद्रधुनी, जिच्यात पाण्याला सतत ओढ असते. त्या ओढीबरोबर खोल पाण्यातले प्राणीही किनाऱ्याजवळ येतात. सागरी जीव पाहायचे असतील तर ही जागा म्हणजे पर्वणीच.

आता जीनला पोटासाठी शिवणकाम करायची गरज उरली नव्हती. श्रीमंत व्यापाऱ्याच्या बायकोने मेजवान्या द्याव्यात, भेटीगाठी घ्याव्यात, अशी तेव्हाची रीत. जीनने पुस्तकं आणली आणि निसर्गशास्त्र स्वतःच शिकायला घेतलं. ती बेटावर पायी हिंडली. दगड, जीवाश्म, फुलपाखरं, शंख-शिंपले गोळा केले, त्यांच्या याद्या केल्या, चित्रं काढली. या भटकंतीतून तिने सिसिलीची एक मार्गदर्शिकाही लिहिली, जी १८४२ मध्ये प्रसिद्ध झाली.

तिचं मन खरं रमलं ते समुद्रात. आणि समुद्रातही एका विशिष्ट प्राण्यात.

भांडण नेमकं कशावरून होतं?

त्या प्राण्याचं नाव अर्गोनॉट. हा ऑक्टोपसचा भाऊबंद. फरक एवढाच की अर्गोनॉटची मादी कागदासारख्या पातळ, पांढऱ्या, गुंडाळलेल्या कवचात राहते. इंग्रजीत म्हणूनच त्याला पेपर नॉटिलस असंही म्हणतात. आठ हातांपैकी दोन हातांना रुंद पडद्यासारखी कातडी असते. हे पडदे शिडासारखे वर करून अर्गोनॉट वाऱ्यावर होडी हाकतो, असं ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटलच्या काळापासून लोक मानत आले होते.

कोड्याचं मूळ या प्राण्याच्या शरीरात होतं. गोगलगाय किंवा शिंपल्यातला प्राणी कवचाला स्नायूंनी घट्ट जोडलेला असतो. अर्गोनॉट तसा जोडलेला नसतो. तो कवचातून बाहेर येऊ शकतो. त्यामुळे अनेकांना वाटलं, हे घर त्याचं नाहीच. कोकणच्या किनाऱ्यावर रिकामा शंख पाठीवर घेऊन पळणारा खेकडा असतो ना, तसाच हा भाडेकरू. खरा मालक दुसराच कुणीतरी असणार आणि तो अजून सापडलेला नाही.

फ्रान्समधले प्राणिशास्त्रज्ञ आंरी द ब्लांव्हिल हे या मताचे वजनदार पुरस्कर्ते होते. विरुद्ध बाजूलाही माणसं होती. पण पुरावा कुणाकडेच नव्हता, कारण मेलेल्या प्राण्याकडे पाहून घर कोणी बांधलं हे सांगता येत नाही. ते बांधताना पाहावं लागतं.

आणि अर्गोनॉट तर राहतो खुल्या समुद्रात. त्याला पाहणार कसं? जाळ्यात आलेला प्राणी बादलीत ठेवला तर थोड्याच वेळात मरायचा.

तीन पेट्या

१८३२ च्या सुमारास जीनने यावर जे उत्तर काढलं, त्यात तिचा शिवणकामाचा स्वभाव दिसतो. आधी माप घ्यायचं, मग कापायचं. प्रत्येक कामाला वेगळी पेटी हवी, हे तिने ओळखलं.

पहिली पेटी काचेची. समुद्राचं पाणी भरलेली, घरात ठेवायची. लहान प्राणी जवळून पाहण्यासाठी.

दुसरी पेटीही काचेची, पण पिंजऱ्यात बसवलेली. ही उथळ समुद्रात बुडवायची आणि हवी तेव्हा वर काढायची. प्राणी समुद्रातच राहणार, पण नजरेच्या टप्प्यात.

तिसरा मोठा पिंजरा. तो समुद्रात नांगरून ठेवायचा, मोठ्या प्राण्यांसाठी. पाणी आरपार वाहतं राहील, प्राणी मात्र पळणार नाही.

सिसिलीतल्या कातानिया शहरात जिओएनिया अकादमी ही विज्ञानसंस्था होती. तिथल्या कार्मेलो माराविन्या या अभ्यासकाने १८३४ मध्ये या शोधाचं श्रेय जीनचं असल्याचं छापून नोंदवलं. तिच्या पिंजऱ्यांना तिचंच नाव मिळालं. या अकादमीची पहिली महिला सदस्यही जीनच झाली.

आणि निकाल लागला

आता तिच्याकडे जिवंत अर्गोनॉट होते, एक-दोन नाही, पुष्कळ. तिने त्यांना खाऊ घातलं, त्यांची अंडी पाहिली, पिल्लं निघताना पाहिली.

पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी. आईच्या कवचात अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या अंगावर कवच नसतं. ते नंतर येतं, आणि दुसऱ्या कुणाचं कवच शोधून त्यात शिरताना पिल्लू दिसत नाही. म्हणजे ते तिथल्या तिथे तयार होत असणार.

दुसरा प्रयोग थेट होता. तिने अर्गोनॉटच्या कवचाचा तुकडा तोडला आणि पाहत बसली. प्राण्याने ते दोन पडदेवाले हात कवचावरून फिरवले. त्यांतून पाझरणाऱ्या द्रावाचा आधी पातळ पापुद्रा धरला, मग तो कडक झाला आणि भोक बुजलं. हजारो वर्षं ज्या पडद्यांना शीड समजलं गेलं, ते खरं तर गवंड्याचे हात होते.

तिने हे एकदा करून सोडलं नाही. पुन्हा पुन्हा केलं, वर्षानुवर्षं केलं. भाडेकरू स्वतःच्या हाताने घराची भिंत लिंपत असेल आणि नवा माल जुन्या मालासारखाच निघत असेल, तर तो भाडेकरू नाही, मालक आहे. लंडनमधले मोठे शरीरशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांच्याकडे तिने नमुने पाठवले. १८३९ मध्ये ओवेन यांनी ते झूलॉजिकल सोसायटीसमोर मांडून तिच्या निष्कर्षाला पाठिंबा दिला. विद्यापीठाचं तोंड न पाहिलेली बाई बरोबर होती.

पण घराचा माल येतो कुठून?

जीनने कॅल्शियम मोजलं नव्हतं. तशी साधनंही तिच्याकडे नव्हती. हम्फ्री डेव्ही यांनी कॅल्शियम धातू पहिल्यांदा वेगळा केला तो १८०८ मध्ये, तेव्हा जीन तेरा वर्षांची होती. पण कवच प्राणी स्वतः घडवतो, हे एकदा पक्कं झालं की पुढचा प्रश्न आपोआप येतो. त्यासाठी लागणारा माल तो आणतो कुठून?

उत्तर आहे पाण्यातून. अर्गोनॉटचं कवच, शिंपला, प्रवाळाचा सांगाडा, सगळ्यांचा मुख्य घटक एकच, कॅल्शियम कार्बोनेट. खडूचा, चुनखडीचा आणि संगमरवराचाही तोच. तो बनवायला दोन गोष्टी लागतात. एक कॅल्शियम, दुसरी कार्बोनेट किंवा बायकार्बोनेट. समुद्राच्या पाण्यात या दोन्ही विरघळलेल्या असतात. दुसऱ्या गोष्टीचा साठा ज्या आकड्याने मोजतात, त्याला हौशी लोक अल्कलिनिटी म्हणतात आणि तो आकडा बहुधा डीकेएच या एककात लिहितात.

समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम साधारण ४१० ते ४२० पीपीएम असतं आणि अल्कलिनिटी सुमारे ७ डीकेएच. म्हणजे विटांचा ढीग मोठा आहे, सिमेंटची गोणी मात्र लहान. बांधकाम सुरू झालं की दोन्ही ठरलेल्या प्रमाणात खर्च होतात. अल्कलिनिटी १ डीकेएचने उतरली तर कॅल्शियम फक्त ७ पीपीएमच्या आसपास उतरतं. साडेआठची साडेसात झालेली लगेच दिसते. ४२० चं ४१३ झालेलं घरगुती टेस्ट किटला धड कळतही नाही.

पाणी बदललं नाही, तरी अल्कलिनिटी पडते आणि कॅल्शियम जिथल्या तिथे दिसतं, हे नवख्यांना चक्रावून टाकणारं कोडं इथे सुटतं. दोन्ही खर्च होतायत. एकाचा खर्च आधी डोळ्यांत भरतो एवढंच.

हा खर्च किती असतो? २०० लिटरच्या टाकीत अल्कलिनिटी १ डीकेएचने उतरली, तर साधारण साडेतीन ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट पाण्यातून निघून सांगाड्यात, दगडावर किंवा पंपावर जाऊन बसलेलं असतं. टाकी प्रवाळांनी भरलेली असेल तर एवढा माल एका दिवसातही जाऊ शकतो.

जीनचा पिंजरा आणि पिंपरी-चिंचवडची टाकी

जीनच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पेटीला ही चिंता कधीच नव्हती. त्या समुद्रातच होत्या. प्राण्याने उचललेला माल पुढच्या लाटेबरोबर परत यायचा. घरातल्या काचेच्या पेटीसाठीही ताजं पाणी आणायला समुद्र दारातच होता.

वाकड किंवा मोशीतल्या फ्लॅटपासून समुद्र शंभर किलोमीटरहून लांब, घाटाखाली. इथे समुद्र घरीच तयार करावा लागतो. आरओचं शुद्ध पाणी घ्यायचं, त्यात खास समुद्री मीठ मोजून विरघळवायचं. सोसायटीच्या बोअरचं किंवा टँकरचं पाणी जड असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम असतंच, मग तेच का नको? कारण त्यात कॅल्शियमबरोबर आणखी काय काय आहे याचा भरवसा नसतो. नायट्रेट, फॉस्फेट शेवाळ वाढवतात. तांबं तर प्रवाळांना विषच.

गंमत म्हणजे या औद्योगिक पट्ट्यात कॅल्शियम आणि अल्कलिनिटी हे शब्द नवे नाहीत. भोसरीपासून चाकणपर्यंत जिथे बॉयलर किंवा कूलिंग टॉवर आहे, तिथे पाण्याचा हार्डनेस आणि अल्कलिनिटी तपासावी लागते. रसायन तेच, भीती उलटी. बॉयलरवाल्याला पांढरा थर ट्यूबवर बसायला नको असतो. तोच थर घरातल्या गीझरच्या कॉइलवर बसलेला सगळ्यांनी पाहिलेला असतो. प्रवाळ पाळणाऱ्याला मात्र तो थर बसायलाच हवा असतो, फक्त योग्य जागी, प्रवाळाच्या अंगावर.

हा माल परत भरायच्या पद्धती तीन-चार आहेत.

लहान टाकीला पाणी बदलणं पुरतं. दर आठवड्याला थोडं पाणी काढून नवं मीठपाणी घातलं की खर्च भरून निघतो.

दुसरी पद्धत चुन्याची निवळी. कॅल्शियम हायड्रॉक्साइड शुद्ध पाण्यात ढवळायचं, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी वापरायचं. लिटरभर पाण्यात साधारण दीड ग्रॅम विरघळतं. यातून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही मिळतात, तेही प्रवाळाला लागतात त्याच प्रमाणात. पण निवळीचा पीएच १२ च्या वर असतो. ती थेंब थेंब, शक्यतो रात्री सोडतात, कारण रात्री टाकीचा पीएच उतरलेला असतो. एकदम ओतली तर टाकीतले जीव दगावू शकतात. त्यासाठी पानाच्या डब्यातला चुना चालत नाही, शुद्ध प्रतीचा लागतो.

तिसरी पद्धत दोन बाटल्यांची. एकीत कॅल्शियम क्लोराइड, दुसरीत सोडियम बायकार्बोनेट म्हणजे खायचा सोडा, किंवा सोडियम कार्बोनेट. २०० लिटर पाण्याची अल्कलिनिटी १ डीकेएचने वाढवायला साधारण ६ ग्रॅम खायचा सोडा लागतो. तेवढ्याच खर्चाचं कॅल्शियम भरायला साधारण ५ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट लागतं. बेकिंग पावडर मात्र चालत नाही, तिच्यात इतर गोष्टी मिसळलेल्या असतात.

दोन्ही बाटल्या एकाच वेळी एकाच जागी ओतल्या तर पाणी दुधासारखं पांढरं होतं. म्हणजे प्रवाळाने बांधायचं घर पाण्यातच बांधून झालं, आणि माल वाया गेला. म्हणून एक घातल्यावर ती पाण्यात मिसळू द्यायची आणि मग दुसरी.

मोठ्या आणि प्रवाळांनी गच्च भरलेल्या टाक्यांना कॅल्शियम रिॲक्टर लावतात. त्यात कार्बन डायऑक्साइडच्या मदतीने जुन्या प्रवाळाचा चुरा विरघळवून टाकीला पुरवतात.

यात मॅग्नेशियमचंही काम आहे. समुद्रात ते १३०० पीपीएमच्या आसपास असतं. ते कॅल्शियम कार्बोनेटला पाण्यात आपोआप गोठू देत नाही. मॅग्नेशियम खूप पडलं तर कितीही कॅल्शियम आणि सोडा घाला, आकडे टिकत नाहीत.

आणि सगळ्यात मोठी चूक होते ती घाईची. कॅल्शियम ४०० ते ४५० आणि अल्कलिनिटी ७ ते ९ च्या दरम्यान कुठेही असली तरी प्रवाळ वाढतात. त्यांना त्रास होतो तो रोजच्या चढउताराचा. म्हणून अल्कलिनिटी एका दिवसात १ डीकेएचपेक्षा जास्त हलवू नये, असा जाणत्या लोकांचा संकेत आहे. रोज ठरलेल्या वेळी मोजायचं, वहीत लिहायचं आणि रोज जेवढं खर्च होतं तेवढंच भरायचं.

आणखी एक गोष्ट. आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. सांगाडा बांधणारे प्रवाळ भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात येतात, ज्यात वाघ येतो. तिथून एखादा तुकडा उचलून घरच्या टाकीत आणणं हा गुन्हा आहे.

जहाज बुडालं, नाव मागे पडलं

मोजून, लिहून, वाट पाहून काम करायची ही सवय जीनकडे होती. तिच्या नोंदींचे गठ्ठे साठले होते. पण त्यांचं नशीब चांगलं नव्हतं.

१८४३ मध्ये पॉवर दांपत्याने सिसिली सोडली. तिच्या नोंदी, चित्रं आणि संग्रह यांचा मोठा भाग सागरी प्रवासात जहाज बुडाल्यामुळे गेला. ज्या समुद्राचा तिने आयुष्यभर अभ्यास केला, त्यानेच तो अभ्यास गिळला. पुढे ती पॅरिस आणि लंडनमध्ये राहिली. लिहीत राहिली, पण मेसिनासारखं नवं संशोधन पुन्हा झालं नाही.

याच काळात ॲक्वेरियमची लाट आली, ती इंग्लंडमध्ये. ॲना थिन या बाईने १८४६ पासून लंडनच्या घरात दगडी प्रवाळ जगवून दाखवले. तेव्हा पंप नव्हते. पाण्यात हवा मिसळावी म्हणून घरातली मोलकरीण ते उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहायची. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने वनस्पती आणि मासे एकत्र ठेवून टाकीचा तोल कसा साधतो ते १८५० मध्ये मांडलं. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचं पुस्तक आलं आणि ॲक्वेरियम हा शब्द घराघरांत पोचला. पुढे जगभर मत्स्यालयं झाली. मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं ते १९५१ मध्ये.

या सगळ्या गडबडीत मेसिनाच्या पेट्या मागे पडल्या. जीनने आपला दावा सोडला नाही. अर्गोनॉटवरची आपली निरीक्षणं तिने १८५६ मध्ये पुन्हा छापली. त्या पुस्तिकेच्या नावातच काम १८३२ मध्ये सुरू केलं आणि १८४३ मध्ये संपवलं, हे तिने घालून ठेवलं. वाचणाऱ्याने पान उलटायच्या आधीच तारीख वाचावी, अशी ती सोय. डझनाहून अधिक विज्ञानसंस्थांचं सदस्यत्व तिला मिळालं होतं. तरीही पुढच्या पिढ्यांच्या पाठ्यपुस्तकांत तिचं नाव फारसं उरलं नाही.

१८७० मध्ये प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला. पंचाहत्तरी ओलांडलेली जीन शहर सोडून निघाली आणि पोचली ती थेट जुइयाकला, अठराव्या वर्षी जिथून चालत निघाली होती त्या गावी. जानेवारी १८७१ मध्ये तिथेच तिचा मृत्यू झाला.

त्यानंतर शंभराहून अधिक वर्षं तिचं नाव फारसं कुणाच्या तोंडी नव्हतं. १९९७ मध्ये शुक्र ग्रहावरच्या एका विवराला विलप्रू-पॉवर हे नाव देण्यात आलं. शुक्रावरच्या मोठ्या विवरांना कर्तबगार स्त्रियांची नावं देण्याची पद्धत आहे, त्यानुसार. आयुष्यातली वीस वर्षं समुद्राच्या पाण्यात डोळे घालून बसलेल्या बाईचं नाव आज अशा ग्रहावर आहे, जिथे पाण्याचा एक थेंबही वाहत नाही.